आधी शाफ्ट हलवून बघा

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम बदलला, मोठा कार्ब्युरेटर चढवला आणि साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन मिसिंग मारायला लागलं. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या हौशी मंडळींना हा क्रम पाठ असतो. पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. जेट बदलून होतात, प्लग बदलून होतात, आणि शेवटी सगळ्यांचं बोट डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गॅरेजमधल्या डेल्कोकडे वळतं. मग मोबाइलवर शोध सुरू होतो : कुठल्या कंपनीचा घेऊ? माझ्या मते कंपनीचं नाव हा या निवडीतला शेवटचा प्रश्न आहे. निगडी-आकुर्डी-भोसरी पट्ट्यात राहणाऱ्याने तर तो अगदीच शेवटी विचारावा. या यंत्राच्या बहुतेक दुखण्यांवरचा इलाज त्याच्या घरापासून दोन-चार किलोमीटरवर, एखाद्या लेथवर उभा असतो.

आधी गाड्या कुठल्या ते पाहू. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं फियाट इंजिन, ११८ एनईचं ११७१ सीसीचं निसान इंजिन, ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं ब्रिटिश बीएमसी इंजिन, मारुती जिप्सीची ९७० आणि पुढे १३०० सीसीची इंजिनं, कार्ब्युरेटरवाली एस्टीम, आणि २००० साली आलेली १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक. त्यानंतरच्या गाड्यांत कॉइल थेट प्लगवर किंवा प्लगशेजारी येऊन बसली आणि डिस्ट्रिब्युटर निकालात निघाला. म्हणजे हा प्रश्न संपत आलेल्या पिढीचा आहे. पण ही पिढी अजून रस्त्यावर आहे, रॅलीत आहे, लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतींतही अधूनमधून दिसते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर रविवारी सकाळी भक्ती-शक्ती चौकात थोडा वेळ उभं राहिलं तर त्यातली एखादी घाटाच्या दिशेने जाताना भेटतेच.

डिस्ट्रिब्युटरची कामं तीन. कॉइलचा प्रवाह योग्य क्षणी तोडायचा, तयार झालेला उच्च दाब बरोबर त्या सिलिंडरकडे पाठवायचा, आणि इंजिनाचा वेग व भार पाहून ठिणगी पुढे-मागे करायची. चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही व्यवस्था साठ-सत्तर वर्षं जवळजवळ तशीच चालली, यावरून ती किती साधी आणि चिवट होती ते कळतं. अडचण वेग वाढला की येते.

थोडा हिशेब मांडू. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये वेळ मिळतो ५ मिलिसेकंद. पॉइंट त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ मिटलेले असतात, म्हणजे कॉइल भरायला ३.३ मिलिसेकंद. जुन्या पद्धतीच्या ३ ओहमच्या कॉइलमध्ये एवढ्या वेळात प्रवाह पूर्ण क्षमतेच्या जेमतेम दोन तृतीयांशापर्यंत चढतो, आणि ठिणगीची ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्याच्याही खाली येते. आयडलिंगला हीच कॉइल पोटभर भरते. तेव्हा गॅरेजमध्ये प्लग काढून बॉडीला टेकवून दाखवलेली निळी, जाड ठिणगी वरच्या वेगाबद्दल काहीच सांगत नाही. त्यात कॉम्प्रेशन वाढवलं, की प्लगच्या फटीतून उडी मारायला आणखी जास्त दाब लागतो. मूळ इंजिनाला पुरणारी व्यवस्था सुधारलेल्या इंजिनाला अपुरी पडते ती इथे.

मग जास्त ताकदीची कॉइल घातली की झालं? नाही. ६,००० फेऱ्यांना क्रँकचा एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्यातली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये चूक येते ती मुख्यतः शाफ्ट आणि बुशमधून. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बुश झिजून शाफ्ट ०.१ मिलिमीटर आजूबाजूला हलायला लागला, तर गॅपच्या पाव भागाएवढी हालचाल झाली. प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ) वेगळा, टायमिंग वेगळं. टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण थरथरताना दिसते ती हीच. अशा डिस्ट्रिब्युटरवर जगातली सर्वांत महागडी कॉइल लावली, तरी ती चुकीच्या क्षणी जोरकस ठिणगी देणार, एवढंच.

म्हणून काही विकत घेण्याआधी कॅप काढा, रोटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. हाताला प्ले जाणवला तर तो जास्तच आहे. या पट्ट्यात डायल गेज मिळणं अवघड नाही. निम्म्या घरांत क्वालिटी किंवा टूलरूममध्ये काम केलेलं कुणी ना कुणी असतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं गेज चुंबकी स्टँडवर लावून शाफ्ट किती हलतो ते मोजा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं की बुशचा प्ले चालतो, असं काही विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. चुंबकीय सेन्सरला आडव्या हालचालीचा त्रास पॉइंटपेक्षा कमी होतो, पण होतो. शिवाय झिजलेला बुश उद्या आणखी झिजणारच.

आता पर्याय. बाजारात त्यांची गर्दी दिसते, पण नीट पाहिलं तर मोजकेच आहेत.

सगळ्यात वर मी ठेवतो तो मूळ बॉडी नव्याने बांधून तिच्यात इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचा पर्याय. मूळ बॉडी ठेवायची, कारण तिचा ड्राइव्ह, तिची उंची, क्लॅम्प, सगळं तुमच्या इंजिनासाठीच बनलेलं असतं. ॲम्बॅसडरवरचे डिस्ट्रिब्युटर ब्रिटिश लुकासच्या घराण्यातले. १९६१ साली चेन्नईच्या पाडीत सुरू झालेल्या लुकास-टीव्हीएसने आपल्या देशातल्या कित्येक गाड्यांना विजेचा माल पुरवला. या बॉड्यांचं ओतकाम आजच्या कित्येक स्वस्त नकलांपेक्षा सरस आहे. झिजतात ते बुश, शाफ्ट, वॉशर आणि वेगानुसार ठिणगी पुढे नेणाऱ्या वजनांच्या खिळ्या, आणि यातलं सगळं भोसरी-तळवडे भागात करून मिळू शकतं, फक्त करणाऱ्याला नेमकं सांगावं लागतं.

काय सांगायचं, ते जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक रिबिल्ड इथेच फसतात. मूळ बुश तेल शोषलेल्या सिंटर्ड ब्राँझचा असेल, तर नवा बुश बसवण्याआधी तेलात पुरेसा मुरू द्यावा आणि बसवल्यावर रीमरने ओरबाडू नये. रीमर सच्छिद्र पृष्ठभाग पुसून टाकतो, मग तेल बाहेर येत नाही आणि बुश कोरडा पडतो. गुळगुळीत साइझिंग मँड्रेल दाबूनच त्याचा व्यास नेमका करतात. साधा गनमेटलचा बुश लावायचा असेल तर रीमर चालेल, पण मग तेलाची खाच हवी आणि तेल पोचायची वाट हवी. शाफ्टला पायरी पडली असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं हाच उपाय. नुसता बुश घट्ट केला तर तो पायरीवर पुन्हा खाईल. वरखाली प्ले शिमने काढायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : खालचा ड्राइव्ह डॉग काढण्याआधी त्याच्या आणि रोटरच्या दिशेची खूण करून ठेवायची. हे डॉग बहुधा मध्यापासून सरकवलेले असतात. उलटा बसला तर ठिणगी एक्झॉस्टच्या वेळी पडते आणि दिवसभर गाडी का सुरू होत नाही याचा शोध लागत नाही.

मग मॉड्यूल. अमेरिकेतल्या पर्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्यांची रचना सोपी आहे : रोटरखाली चुंबकांची कडी, पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर. बाहेरून काहीच दिसत नाही. पण दोन अटी पाळाव्या लागतात. पहिल्या पिढीच्या साध्या मॉड्यूलला ड्वेलवर नियंत्रण नसतं. इंजिन बंद आणि चावी चालू अशी गाडी राहिली, तर कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापून जळू शकतात. गाणी ऐकत सावलीत उभ्या राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नंतरच्या पिढ्यांत ही काळजी घेतलेली आहे. दुसरी अट वायरची. तांब्याच्या गाभ्याच्या जुन्या प्लग वायर अशा मॉड्यूलला गोंधळात पाडतात, रेझिस्टन्सवाल्या वायर हव्यात. कॉइलचा ओहमही मॉड्यूलच्या कागदात लिहिलेला असतो तोच हवा. बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत १.५ ओहमची कॉइल असते, ती बॅलास्ट काढून थेट जोडली की मॉड्यूल फार दिवस टिकत नाही. आणि काही जुन्या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. हे न पाहता जोडणाऱ्याचं मॉड्यूल पहिल्याच चावीला जातं.

दुसरा पर्याय तयार, नव्या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरचा. इथे दोन टोकं आहेत. एका टोकाला नेदरलँड्सचा १२३ इग्निशन. सोळा ॲडव्हान्स कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेगाला ठिणगी किती पुढे न्यायची याचे आलेख, आत भरलेले, स्विच फिरवून निवडायचे. त्याच्या वरच्या मॉडेलमध्ये कर्व्ह मोबाइलवरून स्वतः आखता येतो. वजनं नाहीत, स्प्रिंग नाहीत. ज्याचं इंजिन खरंच बदललेलं आहे, कॅम, कॉम्प्रेशन सगळंच, त्याला हा पर्याय मोलाचा. दुसऱ्या टोकाला नाव-गाव नसलेल्या स्वस्त नकला. दिसायला चकचकीत, कॅप लाल. पण कर्व्ह कुठल्या इंजिनाचा ते कुणाला माहीत नाही, मॉड्यूल वेगळं मिळत नाही, कॅप आणि रोटर दुसऱ्या कुठल्याच गाडीचे बसत नाहीत. गिअरने चालणारा असेल तर त्या गिअरचं धातुकाम कॅमच्या गिअरशी जुळतं का, हेही कळायला मार्ग नाही, आणि न जुळल्यास झिजतो तो कॅम. स्वस्त डिस्ट्रिब्युटर कॅम खाऊन महाग पडतो. या वर्गातला माल न घेण्याबद्दल मला तरी शंका नाही.

कर्व्हचा मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ॲम्बॅसडर, पद्मिनीचे कर्व्ह आखले गेले ते कमी ऑक्टेनच्या, शिसंयुक्त पेट्रोलसाठी. शिसं फेब्रुवारी २०००पासून देशभर गेलं. आता पंपावर ई-२० आहे आणि त्याचं ऑक्टेन जुन्या पेट्रोलपेक्षा बरंच वर, ९५च्या आसपास असल्याचं सरकार सांगतं. म्हणजे नॉकिंगच्या भीतीने मागे ओढलेलं टायमिंग आता थोडं पुढे नेता येतं. पण किती, ते तुमच्या हेडवर अवलंबून. मोठा कॅम घातला की खालच्या वेगाला इंजिन आळसावतं, तिथे सुरुवातीचा ॲडव्हान्स जास्त लागतो, आणि एकूण मात्र बहुतेक जुन्या इंजिनांत ३०-३६ अंशांच्या पुढे जायचं नसतं. म्हणजे वजनांचा प्रवास कमी करायला हवा. हे मूळ डिस्ट्रिब्युटरमध्येही होतं : वजनांच्या स्टॉपवर थोडी वेल्डिंग, हलकी-जड स्प्रिंग बदलणं. व्हॅक्यूम ॲडव्हान्स काढून टाकण्याची फॅशन रेसवाल्यांकडून आली. रस्त्यावरच्या गाडीत अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, त्याला तो वाढीव ॲडव्हान्स हवाच. काढलात तर निगडी ते कात्रज रोजच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल जास्त पिईल आणि गरमही होईल.

कर्व्ह तपासायला पूर्वी मोठ्या वर्कशॉपमध्ये डिस्ट्रिब्युटर टेस्टर असत, आता ते दुर्मिळ. पण वेग बदलता येणारा लेथ, चकमध्ये पकडलेला ड्राइव्ह, अंशांची तबकडी आणि टायमिंग लाइट एवढ्यावर वेगानुसार ॲडव्हान्स कागदावर मांडता येतो. चकची दिशा डिस्ट्रिब्युटरच्या दिशेशी जुळते का ते आधी पाहावं, उलटं फिरवलं तर वजनं भलतंच काही दाखवतात.

तिसरा पर्याय रेसिंगच्या सामानाचा : एमएसडी, मॅलरी वगैरे. एमएसडीच्या ६ए सारख्या डब्यात कॅपॅसिटर असतो. कमी वेगाला तो एका वेळेस अनेक ठिणग्या देतो, ३,०००च्या वर मात्र एकच. अमेरिकन आठ सिलिंडरवाल्यांचं हे दैवत. आपल्या चार सिलिंडरच्या ६,००० फेऱ्यांच्या इंजिनाला त्याची गरज क्वचित पडते. टर्बो बसवला असेल तर गोष्ट वेगळी.

पार्ट शोधताना आपल्या गाडीचे परदेशातले नातेवाईक ओळखणं फायद्याचं ठरतं. ॲम्बॅसडरचं इंजिन ज्या बीएमसी बी-मालिकेचं, त्याच मालिकेचं १९६२ ते १९८० या काळातल्या एमजीबी स्पोर्ट्स कारचं. म्हणून ब्रिटनमध्ये त्या जातीच्या डिस्ट्रिब्युटरचं सगळं मिळतं, कर्व्हच्या तक्त्यांसकट. ११८ एनईचं निसान ए-१२ इंजिन दात्सनवाल्यांचं लाडकं, आणि त्याच मालिकेच्या नंतरच्या इंजिनांवर आलेला हिताचीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, ज्याला ते मंडळी त्यावरच्या चौकोनी मॉड्यूलमुळे मॅचबॉक्स म्हणतात, तो ए-१२ वर बसतो. कारखान्याने बनवलेला, टिकाऊ, आणि डिझाइन तिथलंच. याहून चांगला सौदा या जातीत मला तरी दिसत नाही. जिप्सी आणि एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनाला जगभरच्या सुझुकी सामुराईचा आधार आहे. पद्मिनीचं मात्र अवघड. १९६४ पासून कुर्ल्याला बनत राहिलेली, मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर दिसलेली ही गाडी. तिचा चांगला जुना डिस्ट्रिब्युटर सापडला तर दुसऱ्या विचाराशिवाय घेऊन ठेवावा. चिखली-कुदळवाडीची भंगाराची गोदामं अशा शोधाची एक जागा असायची. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड पाडली, आणि पुष्कळ व्यापारी विखुरले.

होंडा सिटी व्हीटेकचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तिचा ॲडव्हान्स ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात कॉइल, इग्नायटर आणि सेन्सर असतात. तिथे वजन-स्प्रिंग-कर्व्ह हा सगळा संवाद लागू होत नाही. तिथे दुखणी दोन : शाफ्टच्या सीलमधून आत झिरपणारं तेल, आणि उष्णतेने मरणारा इग्नायटर. गाडी तापल्यावर अचानक बंद पडणं आणि अर्ध्या तासाने सुरू होणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. संपूर्ण नवा, अनोळखी डिस्ट्रिब्युटर घेण्यापेक्षा जपानी बनावटीचा इग्नायटर, सील आणि बेअरिंग बदलणं शहाणपणाचं. कॅमने चालणाऱ्या कुठल्याही डिस्ट्रिब्युटरला, जिप्सीच्याही, ओ-रिंग आणि सीलची ही काळजी लागू आहे.

छोट्या सुट्या पार्टनीच सगळ्यात जास्त गाड्या उभ्या केल्या आहेत. नवीन कंडेन्सर, जो साधारण ०.२ मायक्रोफॅरॅडचा असायला हवा, अनेकदा जुन्यापेक्षा लवकर मरतो. ब्रिटनमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या नव्या रोटरमधून ठिणगी सरळ शाफ्टकडे पळत असे. रिव्हेट आतल्या धातूला फार जवळ, प्लॅस्टिकही निकृष्ट. त्यावर तिथे लाल रंगाचे, रिव्हेटशिवायचे रोटर निघाले. आपल्याकडे पावसाळा या दुखण्याला हातभार लावतो. लोणावळ्याच्या घाटातल्या धुक्यात कॅपच्या आत ओल धरते, ठिणगी भिंतीवरून रस्ता काढते, तिथे कोळशाची केसाएवढी रेघ उमटते, आणि एकदा ती उमटली की कॅप पुसून फार दिवस भागत नाही. कॅपचं हवेचं भोक बुजवू नये. आतला ओझोन बाहेर जायला ते ठेवलेलं असतं.

ज्यांना मूळ रूप जपायचं नाही त्यांनी डिस्ट्रिब्युटरच काढून टाकावा, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुलीवर ३६ दातांतला एक वगळलेलं चक्र, क्रँकजवळ सेन्सर, मेगास्क्वर्टसारखा छोटा संगणक आणि दोन कॉइल. बुश नाही, रोटर नाही, कॅप नाही, टायमिंग थेट क्रँकवरून. असं चक्र लेझर कटिंगवर करून घेणं भोसरी एमआयडीसीत किरकोळ काम आहे. अडतं ते वायरिंगपाशी आणि मॅप बनवण्यापाशी. शर्यतीत उतरायचं असेल तर आपल्या वर्गाचे नियम आधी वाचावेत, काही वर्गांत मूळ इग्निशन बदलता येत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मी तरी बॉनेटखाली पॉइंटच ठेवीन.

पीयूसीबद्दल एकच. २०००पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. आयडलला एखादी ठिणगी चुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल हायड्रोकार्बनच्या आकड्यात लगेच दिसतं. तो कागद फेकू नका, मोफत मिळालेली चाचणी आहे ती.

बसवल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : टायमिंग लाइटखाली चारही सिलिंडरच्या वायरवर खूण स्थिर आहे का, व्हॅक्यूम पाइप तोंडाने ओढल्यावर प्लेट सरकते आणि धरून राहते का, आणि ॲडव्हान्सच्या दोन्ही टोकांना रोटर कॅपच्या टर्मिनलसमोरच असतो का. शेवटची तपासणी जवळजवळ कुणी करत नाही. एका जुन्या कॅपला भोक पाडून त्यातून टायमिंग लाइट मारला की दिसतं. हजार किलोमीटरनंतर शाफ्टला पुन्हा डायल गेज लावावं, नवा बुश बसताना थोडा सैल होतो आणि तेवढ्यावर थांबतो की खातच राहतो ते तेव्हा कळतं. डिकीत एक रोटर, एक कॅप आणि पॉइंट-कंडेन्सर लावून तयार ठेवलेली मूळ प्लेट असावी. मॉड्यूल गेलं तर पान्याने वीसेक मिनिटांत ती चढते, आणि पॉइंटच्या गॅपला फिलर गेज नसेल तर पोस्टकार्डाची घडी चालते.